दिवे लावल्यावर

निनाद गोरक्षकर स्कॉर्पिओ घेऊन आला शनिवारी दुपारी,
सीएसटी रोडवर, कापडिया नगरच्या अलीकडे,
जिथे माझं आठ बाय दहाचं दुकान
आणि आत न मावलेलं बाकीचं दुकान फुटपाथवर.
बूस्टचा मीटर बघा, म्हणाला.
बाहेरून बसवलेला, काचेलगतच्या खांबावर, निळ्या उजेडाचा.
दिवसा एक पूर्णांक एक दाखवतो.
रात्री दीड.

कारणही त्याच्याकडे तयार होतं:
रात्रीची हवा गार, गार हवा दाट,
दाट हवा टर्बो घटाघटा पितो.
साडेबारानंतर फ्रीवेवर, खाली मिठागरांचा काळोख,
काटा दीडला टेकतो
आणि दिवसभर दुसऱ्यांचे क्लेम नामंजूर करणारा हा माणूस
सीटवर जरा ताठ बसतो.
(हे शेवटचं तो बोलला नाही. मला दिसलं.)

मी ऐकून घेतलं.
गिऱ्हाईक अर्धा बिघाड स्वतःच सांगतं.
मग किल्ली फिरवली, इंजिन न उठवता.
काटा शून्यावर.
हेडलाइट लावले.
काटा उठला. चार दशांश.

बंद इंजिनाचा दाब!
ताटीवरच्या माणसाची नाडी लागावी तसा.
दिवे घालवले, शून्य.
लावले, चार.

पण नुसत्या डोळ्यांवर मी बिल करत नाही.
वरच्या माळ्यावर फिलोमिना सिस्टर, भाभातून रिटायर,
तिच्याकडे बीपीचं जुनं यंत्र, पाऱ्याचं, पत्र्याच्या पेटीत.
पारा सांडलास तर पुन्हा जिना चढू नकोस, म्हणाली.
माशांच्या टाकीची हिरवी नळी आणली, तिला टी,
एक तोंड सेन्सरला, एक पाऱ्याला, एक रबरी फुग्याला.
दाबत गेलो. पारा तीनशेवर उभा राहिला.
तीनशे म्हणजे चार दशांश,
हिशोब पावतीच्या पाठीवर.
काटा चारवर. बरोब्बर.
दिवे लावले. काटा आठवर.
पारा हलला नाही.
पाऱ्याला दिव्यांचं काय देणंघेणं.

उजव्या मडगार्डखाली सापडलं:
सेन्सरची काळी वायर, हेडलाइटची काळी वायर,
दोघी एकाच बोल्टखाली कोंबलेल्या,
बोल्टाला गंज, गंजावर रंग.
दिव्यांचा करंट परतीला निघायचा
आणि दारातच तुंबायचा.
सेन्सर खोटं बोलत नव्हता,
तो उभा होता ती पायरीच कुणीतरी उचलत होतं.

नवी वायर टाकली, थेट बॅटरीच्या वजाला.
बोल्ट घासला पांढरा होईपर्यंत, ग्रीसचं बोट फिरवलं.
अडीचशे रुपये.

निनादने दिवे लावले, घालवले, हाय बीम दिला.
शून्य. शून्य. शून्य.
"म्हणजे रात्रीपण एक पूर्णांक एकच?"
"एकच."
"कधीपासून?"
काय सांगणार. मीटर बसवला तेव्हापासून.
पैसे मोजता मोजता हळूच म्हणाला,
जुनी वायर तशीच ठेवता येईल का,
एखाद्या बटणावर?
मी हसलो नाही.
बटणही दिलं नाही.

रात्री पाऊण वाजता फोन.
फ्रीवे उतरून थांबला होता, इंजिन चालू.
"एक पूर्णांक एक," म्हणाला.
गाडी पळते कशी, मी विचारलं.
जरा वेळ नुसती डिझेलची घरघर.
"तशीच," म्हणाला. "तशीच पळते हो."

सकाळी यंत्र परत द्यायला वर गेलो.
सिस्टर म्हणाली, आलायस तर बस, हात दे.
पट्टा आवळला, फुगा दाबला,
कोपराच्या खळगीत कान लावून बसली.
"एकशे सत्तर. काय खातोस रे?"
मी छताकडे बोट केलं:
सिस्टर, ती ट्यूबलाइट घालवा
आणि एकदा परत बघा.